दात सोडलेली भिंत

नाशिक,
संक्रांत, १९९८

प्रिय रावजीस,
सप्रेम नमस्कार आणि तिळगूळ.

टण्ण... एवढाच आवाज. आज सकाळी शाळेत पोरांच्या रांगा लावून उभा होतो. इलेक्ट्रिकची बेल खरखरली आणि माझ्या कानात मात्र आपल्या सटाण्याच्या शाळेतला तो रुळाचा तुकडा वाजला. कडुनिंबाला तारेने टांगलेला. सहादू शिपाई त्यावर ठोका द्यायचा आणि ठोका संपला तरी रूळ बराच वेळ आपल्याशीच गुणगुणत राहायचा. सगळी पोरं वर्गाकडे पळायची, तू तेवढा रुळाला कान लावून उभा. "देवबा, आत गाडी येतीय!" म्हणायचास. मी कवितेच्या मागे लागून मास्तर झालो आणि तू त्या आवाजाच्या मागे लागून थेट मनमाडला, मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात जाऊन बसलास.

येत्या एकतीस मेला आपण दोघेही एकाच दिवशी निवृत्त होणार. हे भाग्य कुणाचं माहितेय? हेडमास्तरांच्या आळसाचं. शाळेत जन्मतारीख विचारली तर तुझी आई म्हणाली होती, "कांदे निघाले तवाचा हे." माझ्या आईला तेवढंही सांगता आलं नव्हतं. मास्तरांनी दोघांपुढे एक जून ठोकून दिला.

आपला बेत मी पुन्हा मनाशी घोकून ठेवला आहे. प्रॉव्हिडंट फंड लेकीच्या, शुभांगीच्या लग्नात गेला, त्याचं दुःख नाही, तो त्यासाठीच होता. ग्रॅच्युइटी म्हातारपणाच्या दुखण्याखुपण्याला. आणि पेन्शनचा तिसरा हिस्सा विकून जी रक्कम हाती येईल ती आरम नदीकाठच्या आपल्या जागेवर, खोली बांधायला. ती जागा आपण अर्धी-अर्धी घेतली तेव्हा तुझी सिंधूवहिनी म्हणाली होती, "बाभळीच विकत घेतल्यात तुम्ही." पण मला त्या बाभळींतही आपल्या दोन खोल्या दिसत होत्या. पाचवीत मी केलेली कविता तुला आठवते ना?

दोन खोल्या नदीकाठी, मध्ये एकच भिंत;
तू तिकडे, मी इकडे, मग कशाची खंत?

तुझा,
देवराम


मनमाड,
२ फेब्रुवारी १९९८

देवबा,
नमस्कार. तिळगूळ पाकिटात चुरा होऊन आला. मुंग्यांनी तुझं पत्र माझ्याआधी वाचलं.

कविता आठवते. 'खंत' हा शब्द पाचवीतल्या पोराने कुठून आणला याचा पत्ता मला अजून लागलेला नाही. पण मास्तरा, कवितेला पाया लागत नाही, खोलीला लागतो. म्हणून मुद्द्याचं विचारतो. खोलीत मोरी कुठे? उन्हाळ्यात नदी आटते, तेव्हा पाणी कुठलं? विकलेली पेन्शन पंधरा वर्षांनी परत सुरू होते म्हणतात, तोवर महिन्याचं भागेल का? हे कागदावर मांडलंस का नुसतंच घोकलंस?

माझं सोपं आहे. वत्सला गेल्यापासून एक ताट, एक वाटी. मूलबाळ नाही. रेल्वेचं क्वार्टर सोडावं लागलं की माझ्या डोक्यावर दुसरं छप्पर नाही, तेव्हा माझी खोली ही हौस नव्हे, गरज आहे. तुझं तसं नाही. तुझ्या घरात माणसं आहेत. वहिनींना नीट विचारलंस का? मी म्हणतो नीट. पेपर वाचता वाचता नव्हे.

तुझा,
रावजी


मनमाड,
२० मे १९९८

देवबा,
घोटाळा झाला. केंद्र सरकारने निवृत्तीचं वय साठ केलं. स्टेशनात पेढे वाटताहेत. आमचा गेणू पोर्टर मला मिठी मारून म्हणतो, "रावजीशेट, दोन वर्षं लॉटरी लागली!" मी पेढा खिशात टाकला, तो अजून तिथेच आहे.

तुम्हा राज्य सरकारवाल्यांचं अठ्ठावन्नच. म्हणजे हेडमास्तरांनी बांधलेली जोडी दिल्लीने फोडली.

आता ऐक. मला ही दोन वर्षं नकोत. तू म्हणशील तर मी अर्ज देतो आणि लगेच बाहेर पडतो. पगार बुडेल, बुडू दे. पण तू शब्द दे की पावसाळ्यानंतर बांधायला घ्यायचं. एकट्याने त्या नदीकाठी बसून मी काय करू? तुझ्या कविता वाईट असतात, पण त्या म्हणणारं कुणीतरी जवळ तर हवं.

उलट टपाली कळव. अर्ज लिहून ठेवलाय, तुझ्या शब्दासाठी थांबलोय.

रावजी


नाशिक,
३ जून १९९८

प्रिय रावजीस,
सप्रेम नमस्कार.

निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, आणि एक भिंतीवरचं घड्याळ. ज्याला आता कुठेच वेळेवर जायचं नाही त्याला लोक घड्याळ का देतात कोण जाणे! पोरांनी समूहगीत म्हटलं. मी रडलो, हे तुला सांगायची गरज नाही.

तुझं पत्र मिळालं. रावजी, असं वेड्यासारखं काही करू नकोस. दोन वर्षं म्हणजे काय? पापणी लवेपर्यंत जातील. तुझी पेन्शन वाढेल, फंड वाढेल. तू ये सावकाश. जागा कुठे पळून जात नाही.

शिवाय सिंधूचे गुडघे हल्ली दुखतात. तिला एकदम नाशिक सोडायला सांगणं जड जाईल. या दोन वर्षांत तिचं मन वळवतो. पेन्शन विक्रीची रक्कम हाती येईल ती मी जपून ठेवीन. खोलीची म्हणून वेगळी.

तुझा,
देवराम


मनमाड,
१८ जून १९९८

देवबा,
ठीक. अर्ज फाडला. तू म्हणतोस म्हणून दोन वर्षं आणखी लाल-हिरवे बावटे हलवतो.

वहिनींचे गुडघे कधीपासून दुखतात? गेल्या वर्षी शुभांगीच्या लग्नात त्या पायऱ्यांवर माझ्या पुढे चढत होत्या. मला म्हणाल्या, "भावजी, दम लागला का? गाडीला मागून धक्का देऊ?"

रावजी


नाशिक,
११ मार्च १९९९

प्रिय रावजीस,
पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. घर बदललं. अशोकस्तंभाजवळची आपली जुनी भाड्याची जागा सुटली. ज्ञानेशने इंदिरानगरला फ्लॅट घेतला, आता आम्ही लेकाकडेच. तिसरा मजला. खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. संध्याकाळी तो जांभळा होतो तेव्हा मला वाटतं, कुणीतरी शाईची दौत सांडली आणि पुसायला विसरलं.

नवं स्वयंपाकघर सुरेख आहे. काळा कुळकुळीत ओटा. सूनबाई भाग्यश्री चांगली उंच, तिच्या बेताने बांधलाय. आपली सिंधू ठेंगणी, म्हणून ती पाटावर उभी राहून पोळ्या करते. भाग्यश्री नोकरीला जाते, तेव्हा दिवसभर सिंधूच तिथे. मागून पाहिलं की गॅदरिंगमध्ये स्टुलावर उभी राहून कविता म्हणणारी मुलगीच वाटते. फार गोड दिसतं. चौथ्या मजल्यावरच्या बायकांची भिशी आहे, तिथे महिन्यातून एकदा जाते. चहापोह्यांचं निमित्त, दुसरं काय! नातू साई तिच्या पदराला धरून असतो. त्याला सोडून तिचा पाय निघेल असं वाटत नाही.

खोलीचं सगळं माझ्या ध्यानात आहे. रक्कम सुरक्षित जागी आहे.

देवराम


मनमाड,
४ एप्रिल १९९९

देवबा,
डोंगर, दौत, शाई सगळं पोचलं. 'सुरक्षित जागी' म्हणजे कुठे? पोस्टात? बँकेत? तू तर वाट चुकलेल्या पाकिटाचा पत्ता सांगावा तसं सांगतोस.

आणि दुखऱ्या गुडघ्यांची बाई दिवसभर पाटावर चढते-उतरते, हे गोड कसं रे?

रावजी


सटाणा,
२५ मे २०००

देवबा,
रजेवर आहे. येत्या एकतीसला बावटा ठेवतो. क्वार्टर आवरायला घेतलंय. भांडी बहिणीकडे, अक्काच्या घरी आणून टाकली. फंडातून उचल घेऊन मी चैत्रातच बांधायला काढलं होतं. तुला मुद्दाम कळवलं नाही. म्हटलं, उभी खोली दाखवून चकित करू.

एक खोली, पुढे ओसरी, मागे मोरी. पत्रे पावसाच्या आत पडतील. पूर्वेची भिंत ती आपल्या दोघांची. तिच्या टोकाला मी गवंड्याला विटा एक पुढे, एक मागे अशा सोडायला सांगितल्या, म्हणजे उद्या तुझी भिंत आली की साखळीसारखी अडकेल, तडा जाणार नाही. याला दात सोडणं म्हणतात. लांबून पाहिलं तर भिंत दात काढून हसतेय असं वाटतं. कविता करायची तर यावर कर.

आता तुझी पाळी. गवंडी आहे, वाळू पडलीय, विटांचा भाव ठरलाय. गवंडी दुसरं काम धरायच्या आत ये. अक्का रोज विचारते, "भाऊ, तुना दोस्त कथा शे?" मी सांगतो, वाटेत आहे. आजवर मी गाडीच्या वेळेबाबत कुणाला खोटं सांगितलं नाही, देवबा.

रावजी


नाशिक,
६ ऑगस्ट २०००

प्रिय रावजी,
तुझं पत्र घेऊन मी दोन महिने फिरतो आहे. सदऱ्याच्या खिशात त्याची घडी फाटली. रोज लिहायला बसतो, 'सप्रेम नमस्कार' लिहितो, आणि तो 'सप्रेम' माझ्याकडे बघत बसतो.

मी येत नाही. येऊ शकत नाही. खोलीची रक्कम ज्ञानेशच्या फ्लॅटमध्ये गेली. तू दोन वर्षं थांबायला राजी झालास त्याच पावसाळ्यात.

पोराने मागितली असती तर मला निदान बापपणाची ढाल होती. पण त्याने मागितली नाही रे. तो कर्जाचे हप्ते मांडत बसला होता, तर मीच म्हणालो, "माझे पडून आहेत, घे." तो म्हणाला, "अप्पा, ते तुमच्या सटाण्याच्या खोलीचे ना?" मी म्हणालो, "रावजीचं आता काही खरं नाही. त्याला नोकरी गोड लागली."

आणि पुढचं याहून वाईट आहे. सिंधूलाही मी हेच सांगितलं. ती दर दिवाळीला विचारायची, "भावजींचं काय ठरलं? कधी निघायचं?" मी सांगायचो, त्यांचं मन उडालं. आणि तुला लिहायचो, सिंधूचे गुडघे, सिंधूचा नातू. तुम्हा दोघांच्या मध्ये एकच भिंत होती रावजी, ती मी होतो. तिचे गुडघे तेव्हा दुखत नव्हते. आता दुखतात. पाटावर चढून-उतरून. मी लिहिलेलं खोटं तिच्या अंगावर खरं होऊन उतरलं.

का केलं? दोन वर्षं स्वतःला विचारतो आहे. तुझी निवृत्ती पुढे गेल्याच्या बातमीनंतर एका लग्नाला म्हणून सटाण्याला गेलो होतो. तुला कळवलं नव्हतं. जागेवर गेलो. नदीच्या पात्रात कोरडी वाळू आणि टेम्पोच्या चाकांचे चर. शाळेत गेलो, तर कडुनिंब नाही, रूळ नाही. गेटवर एक पोरगा मला विचारतो, "बाबा, कोन पाह्यजे?" रावजी, मला भीती वाटली. आयुष्यभर मी ज्या गावात मनाने राहिलो ते गाव तिथे नव्हतं. तिथे राहायला गेलो असतो तर माझ्याजवळचंही संपलं असतं. मला खोली नकोच होती बहुतेक. खोलीबद्दलची पत्रं हवी होती. तुझी आणि माझी.

आणि तुला खरंच छप्पर हवं होतं, सोबत हवी होती. हे तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. मी ते वाचलं आणि ओलांडून पुढे गेलो, परीक्षेत अवघड कवितेचं कडवं ओलांडावं तसा.

सिंधूला यातलं काहीच ठाऊक नाही. सांगायची हिंमत नाही.

भिंतीचे ते दात बुजवून टाक. गिलावा करून घे वरून. पावसात विटा झिजतील.

तुझा म्हणवून घ्यायलाही लाजणारा,
देवराम


(पोस्टकार्ड)
सटाणा, १९ सप्टेंबर २०००

देवबा,
पत्र मिळालं. दात बुजवणार नाही. गवंडी अजून इथेच आहे. तुझ्या खोलीत ओटा किती उंच घ्यायचा, ते वहिनींना विचारून कळव.
रावजी


नाशिक,
११ ऑक्टोबर २०००

प्रिय रावजी,
तुझं कार्ड मिळालं. मी वाचनालयात गेलो होतो, परत आलो तर ते ओट्यावर मिठाच्या बरणीखाली ठेवलेलं. पोस्टमनने कुणाच्या हाती दिलं, कोण जाणे. भाग्यश्रीने घेतलं असेल.

चार ओळी लिहिल्यास. त्यात एक शिवी असती तर मला बरं वाटलं असतं. ओट्याची उंची विचारलीस! ही थट्टा आहे की शिक्षा, मी दसऱ्याच्या आधीपासून विचार करतो आहे. रागाने लिहिलंस असंच धरून चाललोय, आणि तो राग मला मान्य आहे. पण सिंधूला मी कसं विचारू? ओट्याचं विचारायचं म्हणजे खोलीचं सांगायचं, खोलीचं सांगायचं म्हणजे तुझं सांगायचं, आणि मग माझं सगळंच.

गेले काही दिवस घर अवघडलेलं आहे. सिंधू फार बोलत नाही. परवा मी म्हटलं, "कोजागरीला गच्चीवर जाऊ, मी एक कविता म्हणतो." तर म्हणाली, "तुमच्या कविता मी फार ऐकल्या. आता काही दिवस गप्प राहून बघा, काय ऐकू येतं ते." असं ती कधी बोलत नाही. मला वाटतं, गुडघ्यांनी चिडचिड होते.

आज सकाळी ती पिंपळगावला गेली, बहिणीकडे, सविताकडे. चार दिवस राहते म्हणाली. मी स्टँडवर सोडायला निघालो तर, "नको, मला बस ओळखता येते." साई रडला, तर त्याला म्हणाली, "आजी तुझ्यासाठी नदीतला दगड आणेल." पिंपळगावात कुठली नदी? पोराला समजावायला काहीतरी.

घरात पोळ्या भाग्यश्रीने केल्या. ओट्याखाली पाट तसाच पडलाय. मी त्यावर उभा राहून पाहिलं. वेडेपणा. पण उतरताना गुडघ्यातून एक कळ आली, आणि तिच्या रोजच्या शंभर कळा मी 'गोड' म्हणून तुला लिहून पाठवल्या होत्या हे आठवलं.

ती परत आली की सांगणार आहे. सगळं. तुझी शपथ. ती काय म्हणेल ते तुला कळवीन. त्यानंतर तू लिहू नकोस असं सांगितलंस तर लिहिणार नाही.

देवराम


सटाणा,
१४ ऑक्टोबर २०००

देवबा,
तुझं पत्र आत्ता आलं. ओसरीवर बसून लिहितोय. अक्का पलीकडे शेंगा निवडतेय.

राग आला होता, खोटं कशाला बोलू. तुझं ऑगस्टचं पत्र वाचून मी पहार घेतली आणि ते दात तोडायला भिंतीपाशी गेलो. नोकरी मला गोड लागली? पहिला पेढा मी खिशात घालून बसलो होतो रे! पहार उचलली, तेवढ्यात अक्का म्हणाली, "भिंतीनं काय करं तुनं?" भिंतीने खरंच काही केलं नव्हतं. पहार ठेवली.

मग ते पत्र पुन्हा वाचलं. दिवाळीचं वाक्य. वहिनी दर दिवाळीला विचारायच्या, कधी निघायचं. तू पस्तीस वर्षं पोरांना धडे शिकवलेस, पण स्वतःच लिहिलेलं तुला वाचता येत नाही. तिथे एक माणूस बॅग भरून बसलं होतं आणि तू त्याला कविता ऐकवत होतास. म्हणून कार्ड टाकलं. पाकीट नव्हे, कार्ड. कार्ड कुणीही वाचतं. थट्टाही नव्हे, शिक्षाही नव्हे. ओट्याची उंची खरोखरच हवी होती.

गाव बदललं, ते मलाही दिसतं. नदी आटली. रूळ कुठे गेला याची चौकशी केली, भंगारात गेला म्हणाले. मग? आपण नाही का पिकलो? तुझ्या मनातलं सटाणा तू नाशकातच ठेव, हरकत नाही. इथे राहायला जे

थांब. फाटकाची कडी वाजली.

*

अर्धा तास झाला. पुढचं लिहितो, नीट वाच.

दुपारची बस आली होती. फाटकात वहिनी उभ्या होत्या. एकट्या. हातात कापडी पिशवी, पायात वहाणा धुळीने भरलेल्या, स्टँडपासून चालत आलेल्या. अक्काच पुढे झाली, "ये व माय, बैस."

बसल्या नाहीत. पाणी प्यायल्या आणि सरळ पूर्वेच्या भिंतीकडे गेल्या. त्या पुढे आलेल्या विटांवरून एकेक करत हात फिरवला, तान्ह्या पोराला दात येताना बोटाने चाचपतात ना, तसा. मी मागे उभा. म्हटलं, "वहिनी, देवबा?"

"ते येतील मागनं," त्या म्हणाल्या, "नाहीतर कविता करत बसतील. मला काय त्याचं! तीन दिवस सविताकडे बसून विचार केला, भावजी. माझी भिशी लागलीय, पुरेल तेवढं पुरेल." मग भिंतीला पाठ लावून ताठ उभ्या राहिल्या, आणि कोपर वाकवून हात पोटाशी धरला.

"पाट तिकडेच टाकून आलेय. तुमच्या गवंड्याला बोलवा. ओटा माझ्या अंगावरनंच मोजायला सांगा."